त्रिमितीय वैद्यकीय चित्रे : शरीराच्या आत पाहण्याची नवी दृष्टी

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, असे वाक्य आपण सभा-संमेलनांतून नेहमी ऐकतो. परंतु विज्ञान आपल्या घरात येते ते भाषणातून नव्हे. आपल्या भंडारा जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत ते नागपूरहून आणलेल्या एका मोठ्या लिफाफ्याच्या रूपाने येते. त्या लिफाफ्यात काळी-करडी फिल्म असते, इंग्रजीत लिहिलेला अहवाल असतो आणि बहुधा एक चकतीही असते, जिला आपण सीडी म्हणतो. अहवाल कोणीतरी वाचून दाखवतो, फिल्म उजेडाकडे धरून पाहिली जाते, आणि सीडी मात्र कपाटात पडून राहते. वास्तविक त्या लिफाफ्यातील सर्वांत मोलाची वस्तू तीच असते.

त्या सीडीत काय असते, त्यापासून संगणकाच्या पडद्यावर फिरवता येणारे शरीराचे त्रिमितीय चित्र कसे तयार होते, ते चित्र कोठे उपयोगी पडते आणि कोठे फसवू शकते, हे समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना समजावून सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. विषय तांत्रिक आहे, पण अवघड नाही. शिवाय विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेल्या सिकलसेल या आजाराशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. म्हणून तो आपल्या स्मरणिकेचाही विषय आहे.

एक्स-रे म्हणजे सावली

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मन शास्त्रज्ञ राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. शरीर न कापता आतील हाड पाहता येऊ लागले. ही क्रांतीच होती. पण एक्स-रेचे चित्र म्हणजे सावली असते. कंदिलासमोर हात धरला तर भिंतीवर हाताची सावली पडते, पण बोट पुढे आहे की मागे हे त्या सावलीवरून कळत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये पुढच्या बरगड्या, मागच्या बरगड्या, हृदय आणि फुप्फुसे ही सर्व एकमेकांवर पडलेली दिसतात. खोली, म्हणजे तिसरी मिती, हरवलेली असते.

ही हरवलेली मिती परत मिळवावयाची तर एकाच बाजूने नव्हे, अनेक बाजूंनी सावल्या घ्याव्या लागतात आणि त्यांच्यावरून आतील रचना गणिताने शोधून काढावी लागते. हे काम इंग्लंडमधील ईएमआय कंपनीतील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी केले. त्यांच्या पहिल्या प्रायोगिक यंत्राला एका तपासणीसाठी नऊ दिवस लागत आणि त्यातील आकडेमोड करण्यास संगणकाला अडीच तास लागत. त्यात सुधारणा होत होत १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले. हेच आजचे सीटी स्कॅन होय. हाउन्सफील्ड आणि त्यांच्या आधी या गणिताचा पाया घालणारे ॲलन कॉरमॅक यांना १९७९ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या इतिहासात भारताचेही नाव आहे, याची आपल्या विद्यार्थ्यांना माहिती असावी. प्रथिनांच्या रचनेवरील संशोधनामुळे जगप्रसिद्ध झालेले प्रा. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्येच एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अनेक बाजूंनी घेतलेल्या चित्रांवरून त्रिमितीय रचना पुन्हा उभी करण्याची सोपी आणि जलद गणिती रीत त्यांनी त्यात मांडली. त्या दोघांच्या नावांवरून ओळखला जाणारा ‘राम-लॅक फिल्टर’ आजही जगभर सीटी स्कॅनचे गणित शिकवताना शिकवला जातो.

काप, बिंदू आणि आकडे

सीटी स्कॅनमध्ये रुग्ण एका गोल कड्यातून सरकत जातो. कड्याच्या आत क्ष-किरणांची नळी त्याच्याभोवती फिरते. संगणक शरीराचे आडवे काप तयार करतो. डबलरोटीचे काप करतात तसेच हे काप असतात, फक्त सुरी गणिताची असते. प्रत्येक काप साधारणतः ५१२ ओळी आणि ५१२ रकाने अशा चौकटीत विभागलेला असतो. चौकटीतील प्रत्येक घरात एक आकडा असतो. तेथील ऊती क्ष-किरणांना किती अडवते, हे तो आकडा सांगतो. पाण्याचा आकडा शून्य धरला आहे आणि हवेचा उणे एक हजार. चरबी शून्याच्या थोडी खाली येते, स्नायू शून्याच्या थोडे वर येतात, आणि हाड कित्येक शेकड्यांपर्यंत, घट्ट हाड तर हजाराच्याही पुढे जाते. हाउन्सफील्ड यांच्या सन्मानार्थ या मोजमापाला त्यांचेच नाव दिले आहे.

कापाला जाडी असते. म्हणून चौकटीतील प्रत्येक घर हे नुसता चौकोन नसून एक छोटी पेटी असते. तिला तंत्रज्ञ व्हॉक्सेल म्हणतात. आपण तिला घनबिंदू म्हणू. आता हिशेब करून पाहा. ५१२ गुणिले ५१२ म्हणजे २,६२,१४४. असे ४०० काप घेतले तर एकूण १०,४८,५७,६०० घनबिंदू होतात. साडेदहा कोटींच्या घरात! सीडीत असतात ते हेच आकडे. फिल्मवर छापली जातात ती त्यांतील निवडक चित्रे, तीही एका ठरावीक छटेत. आकड्यांचा मूळ साठा सीडीतच राहतो.

एमआरआय या तपासणीचे तत्त्व वेगळे आहे. तिच्यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत घेतले जातात. शरीरात पाणी आणि चरबी सर्वत्र असल्यामुळे मेंदू, स्नायू, कूर्चा आणि हाडाच्या आतील मगज या मऊ भागांचे चित्र एमआरआयमध्ये फार स्पष्ट येते. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना याबद्दल २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तत्त्व वेगळे असले तरी शेवटी हाती येतात ते कापच, आणि कापांत असतात ते आकडेच.

धान्य निवडावे तसे

साडेदहा कोटी आकड्यांतून चित्र कसे काढावयाचे? सतिपट्ठान सुत्तात शरीराच्या भागांचे चिंतन सांगताना भगवंतांनी एक उपमा दिली आहे. दोन तोंडांची पिशवी नाना प्रकारच्या धान्याने भरलेली आहे. डोळस मनुष्य ती उघडतो आणि हा साळीचा तांदूळ, हे मूग, हे उडीद, हे तीळ, असे एकेक वेगळे ओळखतो. त्याप्रमाणेच साधकाने केस, नख, दात, त्वचा, मांस, हाड हे भाग वेगवेगळे जाणावेत. संगणक जे करतो त्याचे याहून सोपे वर्णन आम्हांला सापडले नाही. मात्र सुत्ताचा हेतू आसक्ती कमी करण्याचा आहे आणि संगणकाचा हेतू रोग शोधण्याचा आहे, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

आपला जिल्हा धानाचा. धान्य साफ करण्याच्या रीती येथे घरोघरी ठाऊक आहेत. पहिली रीत चाळणीची. संगणकाला सांगावयाचे की अमुक आकड्याच्या वरचे तेवढे ठेव, बाकीचे गाळून टाक. चाळणीचे छिद्र योग्य असेल तर त्वचा, चरबी, स्नायू गळून जातात आणि हाडांचा सांगाडा तेवढा शिल्लक राहतो. दुसरी रीत हाताने निवडण्याची. चाळणीतून सुटलेला खडा बोटांनी काढावा लागतो. त्याचप्रमाणे तज्ज्ञ डॉक्टर किंवा तंत्रज्ञ कापामागून काप पाहून यकृताची किंवा गाठीची कडा स्वतः आखतात. आजकाल हे काम शिकवून तयार केलेल्या संगणक-प्रणाली पुष्कळ अंशी आपोआप करतात, तरी शेवटची नजर माणसाचीच लागते.

निवडलेल्या बिंदूंवरून चित्र काढण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिलीत हाड आणि बाकीचा भाग यांच्या सीमेवर लहान लहान त्रिकोणांचे कवच विणले जाते. १९८७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी ही रीत प्रसिद्ध केली. घनाच्या आठ कोपऱ्यांपैकी कोणते आत आणि कोणते बाहेर हे पाहिले की २५६ शक्यता निर्माण होतात. त्यांतील सारख्या शक्यता एकत्र केल्या की केवळ १५ नमुने उरतात. त्या नमुन्यांवरून संगणक झपाट्याने कवच विणत जातो. दुसऱ्या रीतीत कवच नसते. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून प्रत्येक दिशेने एक काल्पनिक किरण शरीरातून आरपार सोडला जातो. वाटेत येणाऱ्या प्रत्येक घनबिंदूला रंग आणि पारदर्शकता दिलेली असते. त्यांची बेरीज होऊन पडद्यावरचा एक बिंदू ठरतो. त्वचा काचेसारखी, रक्तवाहिन्या लाल आणि हाड पांढरे, असे जे विलक्षण सुंदर चित्र आपण वर्तमानपत्रात किंवा दूरदर्शनवर पाहतो ते बहुधा याच रीतीचे असते.

चित्र हाताने फिरवता येणे

स्थिर त्रिमितीय चित्र हीदेखील शेवटी सपाट पडद्यावरची आकृतीच असते. तिला खरी खोली येते ती फिरवता आल्यावर. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते हातात घेऊन फिरवतो, वाजवतो, आत डोकावतो. तसेच येथेही असते. माऊसने चित्र फिरवले, हवे तेथून कापले, वरचा थर दूर केला, छटा बदलली की डॉक्टरांच्या मनात अवयवाचा आकार पक्का होतो. मोडलेल्या हाडाचा तुकडा कोणत्या बाजूला सरकला आहे, गाठ रक्तवाहिनीला नुसती टेकली आहे की तिला वेढून बसली आहे, हे चाकू हाती घेण्यापूर्वीच पाहता येते.

यासाठी संगणकाला सेकंदाला दहा-पंधरा वेळा तरी संपूर्ण चित्र नव्याने काढावे लागते, नाहीतर ते अडखळते. सुरुवातीला ही गोष्ट स्वप्नवत होती. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास कवटीच्या जन्मजात व्यंगावरील शस्त्रक्रियांची आखणी सीटीवरून काढलेल्या त्रिमितीय चित्रांनी होऊ लागली, तेव्हा एकेका चित्रासाठी वाट पाहावी लागे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले जयराम उडुपा हे या शास्त्राच्या आरंभीच्या संशोधकांपैकी एक होत. पुढे संगणकावरील खेळांसाठी चित्रे झपाट्याने काढणारे स्वस्त प्रोसेसर आले. त्याच प्रोसेसरांवर आज साध्या संगणकातही शरीर फिरवून पाहता येते. मुलांच्या खेळासाठी झालेली प्रगती अशी रुग्णाच्या कामी आली.

सिकलसेल आणि खुब्याचा सांधा

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. भारतात सिकलसेलची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले. विदर्भात हा आजार आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. आपल्या बौद्ध समाजात तर तो न आढळलेले गाव विरळाच. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगदुखीचे झटके, रक्तक्षय, कावीळ या गोष्टी आपल्याकडील आया-बहिणींना ठाऊक आहेत. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मांडीच्या हाडाचे वरचे गोल डोके खुब्याच्या वाटीत बसते. त्याला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या थोड्या आणि बारीक असतात. त्या अडल्या की डोक्यातील हाडाचा काही भाग आतल्या आत मरतो. वरचे कवच काही काळ शाबूत राहते. मग चालता चालता त्यावर शरीराचा भार पडतो आणि एके दिवशी ते खचते. ऐन विशीतला तरुण लंगडू लागतो. अनेकदा दोन्ही बाजूंना हा विकार होतो.

या विकाराची गोम अशी की आरंभीच्या अवस्थेत साधा एक्स-रे निर्दोष येतो. दुखणे असते, पण सावलीत काही दिसत नाही. सिकलसेलमध्ये अंग दुखतेच, असे म्हणून घरचेही दुर्लक्ष करतात आणि रुग्ण गोळ्या खात राहतो. एमआरआय मात्र मगजातील बदल दाखवत असल्यामुळे या अवस्थेतही दोष पकडू शकतो. एक्स-रे निर्दोष आला म्हणजे खुबा निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही, हे एक वाक्य वाचकांनी या लेखातून घरी नेले तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही मानू.

त्रिमितीचा उपयोग येथे स्पष्ट होतो. एमआरआयच्या प्रत्येक कापावर मेलेल्या भागाची कडा आखली आणि ते काप एकावर एक रचले, की डोक्याचा किती हिस्सा मेला आहे आणि तो भार पडणाऱ्या जागी आहे की बाजूला आहे, हे मोजता येते. हिस्सा मोठा आणि भाराच्या जागी असेल तर डोके खचण्याचा धोका अधिक असतो. त्यावरून उपचाराची दिशा ठरते. लवकर कळले तर सांध्यावरील भार कमी करणे, योग्य व्यायामोपचार, काही रुग्णांत हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया, असे मार्ग खुले असतात. प्रत्येकाला त्यांतून पूर्ण यश येते असे नाही. पण डोके खचून सांधा झिजल्यावर बहुधा कृत्रिम सांधा बसवणे एवढाच मार्ग उरतो. तरुण वयात बसवलेला कृत्रिम सांधा आयुष्यभर पुरेलच असे नसते आणि सिकलसेलच्या रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया अधिक जोखमीची असते. अशा शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर सीटीवरून खुब्याचे त्रिमितीय चित्र किंवा प्रत्यक्ष प्रतिकृती तयार करून आधीच आखणी करता येते.

सिकलसेलमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्याही अरुंद होऊ शकतात, लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. एमआरआयने या वाहिन्यांचे जाळे त्रिमितीय रूपात काढून सर्व बाजूंनी फिरवून पाहता येते. एकमेकींवरून जाणाऱ्या वाहिन्यांत नेमकी कोणती अरुंद आहे हे एकाच बाजूच्या चित्रात कळत नाही, ते फिरवल्यावर कळते.

सुंदर चित्र आणि खरे चित्र

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. पडद्यावरचे त्रिमितीय चित्र हे छायाचित्र नव्हे. ते आकड्यांवरून, कोणीतरी ठरवलेल्या चाळणीतून तयार केलेले असते. चाळणी बदलली की चित्र बदलते. डोळ्याच्या खोबणीचे हाड कागदासारखे पातळ असते. चाळणीचा आकडा फार वर ठेवला तर तेथे नसलेली भोके दिसू लागतात. फार खाली ठेवला तर हाडातील बारीक भेग बुजून जाते. कापाच्या जाडीचाही परिणाम होतो. मांडीच्या हाडाचे डोके सुमारे साडेचार ते पाच सेंटिमीटर व्यासाचे असते. पाच मिलिमीटर जाडीचे काप घेतले तर त्यात नऊ-दहाच काप येतात आणि चित्र पायऱ्यापायऱ्यांचे दिसते. एक मिलिमीटरचे घेतले तर पन्नासच्या आसपास येतात आणि गोलाई खरी उतरते. रुग्ण तपासणीत हलला तर तेही चित्रात उतरते.

खुब्याच्या विकाराचेच उदाहरण घ्या. सीटीवरून काढलेले हाडाचे कवच गुळगुळीत, गोल आणि पाहण्यास अत्यंत देखणे असू शकते, आणि त्याच्या आत हाड मेलेले असू शकते. कवचाचे चित्र केवळ बाहेरून दाखवते. ते कापून आत पाहिल्याशिवाय, आणि मुळात योग्य ती तपासणी केल्याशिवाय, रोग कळत नाही. म्हणूनच क्ष-किरणतज्ज्ञ निदान करताना मूळ काप पाहतात. त्रिमितीय चित्र त्यांच्या जोडीला असते, त्यांच्या जागी नसते.

येऊन स्वतः पाहण्याचे आणि पारखून घेण्याचे आवाहन करणारा आपला धम्म आहे. रंगीत चित्र पाहून दिपून जाणे हे पारखणे नव्हे. ते कशावरून काढले, किती जाडीचे काप होते, आत काय दिसले, हे विचारणे म्हणजे पारखणे होय.

कुटुंबांनी काय करावे

लेख केवळ माहितीपुरता राहू नये म्हणून काही व्यवहार्य सूचना आम्ही येथे देत आहोत. उपचाराचा निर्णय अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

पहिली गोष्ट, सिकलसेलच्या रुग्णाला जांघेत, मांडीत, गुडघ्यात किंवा खुब्यात सतत दुखत असेल, किंवा चाल बदलली असेल, तर एक्स-रे निर्दोष आल्यावरही डॉक्टरांना एमआरआयविषयी अवश्य विचारावे आणि दोन्ही खुबे पाहण्याची गरज आहे का तेही विचारावे. खुब्याचे दुखणे कधी कधी गुडघ्यात जाणवते, हे लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट, तपासणीनंतर फिल्म आणि अहवाल यांसोबत सीडी मागून घ्यावी. तिच्यातील माहिती डायकॉम नावाच्या जागतिक पद्धतीत साठवलेली असते. ही पद्धत १९९३ पासून त्या नावाने रूढ आहे आणि तिच्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावरील काप दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयात उघडता येतात. सीडी सोबत असेल तर भंडाऱ्याचा रुग्ण नागपूरला मेडिकल किंवा मेयोमध्ये, अथवा मुंबईला गेला तरी तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ सहसा येत नाही. पैसा वाचतो, आणि सीटी असेल तर किरणांचा अनावश्यक माराही टळतो. सीटीमध्ये साध्या एक्स-रेच्या कित्येक पटींनी अधिक किरणे शरीरात जातात, एमआरआयमध्ये ती मुळीच नसतात. सीडीची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये करून ठेवावी, कारण चकती ओरखड्याने खराब होते.

तिसरी गोष्ट, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास डॉक्टरांनी वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत म्हटले आहे. नम्रपणे पण लेखी मागणी करावी.

चौथी गोष्ट, तपासणीपूर्वी आपल्याला सिकलसेल आहे हे तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना न विसरता सांगावे. शिरेतून औषध टोचून तपासणी करावयाची असेल तर मूत्रपिंडांविषयी विचारपूस होणे आवश्यक असते. प्रतीक्षेच्या वेळी अंगावर उबदार कपडे असावेत आणि उपाशी राहण्याची सूचना नसेल तर भरपूर पाणी प्यावे, कारण थंडी आणि पाण्याची कमतरता यांनी सिकलसेलचा झटका येऊ शकतो. शरीरात धातूची पट्टी, पेसमेकर वगैरे असल्यास एमआरआयपूर्वी ते सांगणे अत्यावश्यक आहे.

पाचवी गोष्ट, चित्रे कितीही प्रगत झाली तरी सिकलसेलचे निदान रक्ताच्या तपासणीनेच होते. वधू-वर परिचय मेळाव्यात शिक्षण आणि नोकरी यांच्याबरोबर सिकलसेल तपासणीचाही रकाना असावा. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते.

जाता जाता आणखी एक मुद्दा. गर्भाचे त्रिमितीय चित्र सोनोग्राफीनेही काढता येते. त्याचा उपयोग व्यंग ओळखण्यासाठी व्हावा. गर्भलिंग सांगणे आणि विचारणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलगा-मुलगी असा भेद आपल्या धम्माला मुळातच मान्य नाही.

विद्यार्थ्यांसाठी

हे शास्त्र शिकण्यासाठी लाखो रुपयांची यंत्रे लागतातच असे नाही. ‘थ्रीडी स्लायसर’ ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. ब्राझीलमधील शासकीय संशोधन केंद्राने २००१ पासून ‘इनव्हेसालियस’ ही प्रणाली तेथील सार्वजनिक रुग्णालयांच्या गरजेतून विकसित केली. तीही कोणालाही फुकट मिळते. गरीब रुग्णांसाठी सरकारी केंद्राने केलेले काम जगाच्या उपयोगी पडू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. सरावासाठी लागणारी, रुग्णाची ओळख काढून टाकलेली चित्रे या प्रणालींसोबत मिळतात. दुसऱ्याच्या तपासणीची चित्रे त्याच्या संमतीशिवाय वापरू नयेत किंवा पुढे पाठवू नयेत, हा नियम मात्र कसोशीने पाळावा.

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये एका पुरुषाच्या आणि १९९५ मध्ये एका स्त्रीच्या देहाचे संपूर्ण काप अभ्यासासाठी खुले केले. पुरुषाचे काप एक मिलिमीटरचे, तर स्त्रीचे त्याच्या एक तृतीयांश जाडीचे होते. जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यावरून शरीररचना शिकली. यातील पुरुष टेक्सासमधील मृत्युदंड झालेला एक कैदी होता. त्याने आपला देह विज्ञानाला दिला होता. देहदानाचे मोल यावरून कळावे.

या तंत्राने इतिहासही बोलू लागला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वसंत शिंदे आणि कोरियन शास्त्रज्ञ यांच्या चमूने राखीगढी येथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दोन कवट्यांच्या सीटी स्कॅनवरून त्या माणसांचे चेहरे पुन्हा उभे केले. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या धम्माशी निगडित एक उदाहरणही आहे. नेदरलँड्समध्ये त्या वेळी असलेल्या एका बुद्धमूर्तीच्या आत बसलेल्या अवस्थेत एका भिक्खूचा देह होता. २०१४ मध्ये तेथील एका रुग्णालयात मूर्तीचे सीटी स्कॅन झाले, आणि मूर्तीला ओरखडाही न येता आतील सांगाडा दिसला. अवयवांच्या जागी चिनी लिपीतील कागदाचे तुकडे असल्याचेही आढळून आले. ही मूर्ती आमच्या मंदिरातून १९९५ मध्ये चोरीला गेली, असा दावा चीनमधील फुजियान प्रांताच्या एका गावाने केला आणि प्रकरण दोन्ही देशांच्या न्यायालयांत गेले. यंत्राने आत काय आहे ते दाखवले. ते कोणाचे आहे, हा प्रश्न माणसांनाच सोडवावा लागतो.

या क्षेत्रात जाण्यासाठी डॉक्टरच व्हावे लागते असे नाही. क्ष-किरण तंत्रज्ञ, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, संगणक अभियंता, गणिती, चित्रकार अशा अनेकांची येथे गरज आहे. बारावीच्या गणितातील मॅट्रिक्स आणि त्रिकोणमिती यांचा कंटाळा करू नका. पडद्यावर हाड फिरते ते त्यांच्याच बळावर.

समारोप

प्रज्ञा आणि करुणा या दोन्हींची सांगड घालण्यास आपला धम्म शिकवतो. त्रिमितीय चित्रे काढणारे यंत्र हे प्रज्ञेचे फळ आहे. ते शहरातल्या धनिकापुरते न राहता लाखांदूर, पवनी, साकोली, तुमसरच्या खेड्यातील मजुराच्या मुलापर्यंत वेळेवर पोहोचणे हे करुणेचे काम आहे, आणि ते यंत्राला करता येत नाही. आपल्या विहारांतून रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे सिकलसेलविषयी बोलले गेले, गावातील रुग्णांची यादी झाली, दुखणाऱ्या खुब्याची वेळीच विचारपूस झाली, कागदपत्रे आणि सीडी नीट जपण्यासाठी एखाद्या शिकलेल्या तरुणाने दोन घरांची जबाबदारी घेतली, तर एखाद्या मुलाचे चालणे वाचू शकेल. संस्थेच्या सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.